आरडीएस लायसन्सिंग टाकल्यापासून सर्व्हर रखडतोय, बघायचं कुठून?

तळमजला

विंडोज सर्व्हर २०१९ स्टँडर्ड, आठ कोअर, ३२ जीबी रॅम, दोन साटा एसएसडी रेड १ मध्ये. डोमेनला जोडलेला आहे, डोमेन कंट्रोलर वेगळ्या मशीनवर. अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर जुन्या पद्धतीचं, म्हणजे वेगळं डेटाबेस इंजिन नाही; डेटाच्या फायली याच सर्व्हरच्या डी ड्राइव्हवर. आधी फक्त अ‍ॅडमिनची दोन सेशन चालायची. आता २२ जणांना रिमोट डेस्कटॉपने काम करायचं म्हणून आरडीएसचं (रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस) लायसन्सिंग बसवलं, २२ पर-यूजर कॅल (माणशी एक परवाना) टाकल्या, अ‍ॅक्टिव्हेशनही झालं.

तेव्हापासून एक व्हाउचर सेव्ह व्हायला सहा-सात सेकंद लागतात. पूर्वी एक सेकंदही लागत नसे. दुपारनंतर सगळंच जड होतं. रिस्टार्ट केला की अर्धा दिवस बरा जातो, पण सेव्ह तेव्हाही हळूच. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू तीस-चाळीस टक्क्यांच्या वर जात नाही. लायसन्सिंग काढून दुसऱ्या मशीनवर टाकलं तर फरक पडेल का?

कर्नल_पॅनिक

नाही पडणार. लायसन्सिंगची सेवा म्हणजे नोंदवही. कोणी लॉगिन केलं की सेशन होस्ट, म्हणजे लोकांची सेशन चालवणारा रोल, तिला विचारतो, ती कॅल देते आणि आपल्या डेटाबेसमध्ये नोंद करते. तो डेटाबेस सिस्टम३२ खालच्या एलसर्व्हर फोल्डरमध्ये असतो, फाइलचं नाव टीएलएसलिक.ईडीबी. मेमरी साधारण १० एमबीच्या आत आणि डिस्कवर दर ६,००० लायसन्समागे ५ एमबीच्या आसपास. तुमच्या २२ कॅल तिच्या खिजगणतीतही नाहीत. आणि एकदा माणूस आत गेला की व्हाउचर सेव्ह होताना तिचा काही संबंध येत नाही.

खात्री करायची तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन 'रिमोट डेस्कटॉप लायसन्सिंग' दहा मिनिटं थांबवा. चालू सेशन तुटत नाहीत, नवीन लॉगिन मात्र अडू शकतं, म्हणून कामाची गर्दी नसताना करा. तेवढ्यात व्हाउचर सेव्ह करून बघा. तेवढाच वेळ लागला तर तो विषय मिटला.

लायसन्सिंगबरोबर आणखी काय काय आलं, ते बघा. पॉवरशेलमध्ये गेट-विंडोजफीचर चालवा, नावाच्या जागी आरडीएस हायफन आणि स्टार. ज्या ओळींपुढे फुली आहे त्या इथे टाका. आणि विझार्डमध्ये क्विक स्टार्ट निवडलं होतं का, तेही सांगा.

तळमजला

सेवा थांबवून पाहिली, काडीचाही फरक नाही. चार ठिकाणी फुली आहे: कनेक्शन ब्रोकर, लायसन्सिंग, सेशन होस्ट आणि वेब अ‍ॅक्सेस. ज्यांनी बसवून दिलं त्यांनी क्विक स्टार्टच वापरलं असणार, कारण क्विकसेशनकलेक्शन नावाचं कलेक्शन दिसतंय. अजून एक कोडं: टास्क मॅनेजरमध्ये एसक्यूएलसर्व्हर.ईएक्सई चालू आहे, पण आम्ही एसक्यूएल कधीच टाकलेलं नाही.

रात्रपाळी

ते कोडं सोपं आहे. कनेक्शन ब्रोकर (कोणाला कुठल्या सेशनला जोडायचं ते बघणारा रोल) आपली माहिती विंडोज इंटर्नल डेटाबेसमध्ये ठेवतो, आणि तो आतून एसक्यूएलच आहे. वेब अ‍ॅक्सेसमुळे (ब्राउझरमधून जोडण्याची सोय) आयआयएस, म्हणजे वेब सर्व्हरही आलाय. एका मशीनला या दोन्हींची फारशी गरज नसते, पण त्याचं नंतर बघू.

सीपीयू मोकळा असूनही रिस्टार्टनंतर लगेच सेव्ह हळू, या लक्षणावर माझा पहिला संशय फेअर शेअरवर. सेशन होस्टचा रोल आला की विंडोज एका मशीनवरच्या सगळ्या सेशनमध्ये साधनं वाटून द्यायला लागतं. सीपीयूची ही वाटणी सर्व्हर २००८ आर२ पासून आहे. सर्व्हर २०१२ मध्ये तिच्या जोडीला डिस्क आणि नेटवर्क आलं. हेतू चांगला आहे, एकाने मोठी फाइल कॉपी केली तर बाकीच्यांचं अडू नये. पण फायलीत थेट लिहिणारं अकाउंटिंग सॉफ्टवेअर एका सेव्हमध्ये शेकडो बारीक बारीक रीड-राइट करतं. त्यातल्या प्रत्येकाला थोडं थांबावं लागलं की बेरीज सेकंदांत जाते. डिस्क रिकामी दिसते, सीपीयू रिकामा दिसतो आणि माणूस पडद्याकडे बघत बसतो.

आधी चालू आहे का ते बघा. पॉवरशेलमध्ये रूट\सीआयएमव्ही२\टर्मिनलसर्व्हिसेस या नेमस्पेसमधला विन३२_टर्मिनलसर्व्हिससेटिंग हा क्लास मागवा. त्यात एनेबलडीएफएसएस म्हणजे सीपीयू, एनेबलडिस्कएफएसएस म्हणजे डिस्क, एनेबलनेटवर्कएफएसएस म्हणजे नेटवर्क. १ असेल तर चालू.

बंद करण्याची जागा रजिस्ट्रीत. डिस्कसाठी: एचकेएलएम\सिस्टम\करंटकंट्रोलसेट\सर्व्हिसेस\टीएसफेअरशेअर\डिस्क, त्यातली एनेबलफेअरशेअर ही व्हॅल्यू ० करायची. नेटवर्कसाठी त्याच टीएसफेअरशेअरखाली नेटएफएस, व्हॅल्यूचं नाव तेच. सीपीयूची वाटणी वेगळीकडे आहे, कंट्रोल\सेशन मॅनेजर\कोटा सिस्टम मधली एनेबलसीपीयूकोटा. तिला हात लावू नका. ती २२ जणांच्या मशीनवर उपयोगाचीच आहे. बदलानंतर रिस्टार्ट.

ब्लूस्क्रीन_बाबा

थांबा. रजिस्ट्रीत बोट घालण्याआधी आकडे घ्या, नाहीतर उद्या कशाने बरं झालं तेच कळणार नाही.

परफमॉनमध्ये (विंडोजचा परफॉर्मन्स मॉनिटर) एक डेटा कलेक्टर सेट लावा, १५ सेकंदांच्या अंतराने, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. काउंटर हे: फिजिकल डिस्कचे सरासरी सेकंद प्रति रीड आणि प्रति राइट, मेमरीचे उपलब्ध एमबी आणि पेजेस प्रति सेकंद, सिस्टमची प्रोसेसर क्यू लेंग्थ. एसएसडीवर रीड-राइट काही मिलिसेकंदांत व्हायला हवं; सतत २०-२५ च्या वर असेल तर डिस्कच दमलेली आहे आणि फेअर शेअर निर्दोष.

सर्व्हर २०१९ असल्यामुळे तुमच्याकडे एक चांगला काउंटर आहे, 'यूजर इनपुट डिले पर सेशन'. कळ दाबल्यापासून प्रोग्रामने ती उचलेपर्यंत किती मिलिसेकंद गेले, ते सेशननिहाय सांगतो. सर्व्हर २०१९ वर तो आधीपासूनच चालू असतो, त्यासाठी रजिस्ट्रीत काही करावं लागत नाही. लोक 'स्लो आहे' म्हणतात तेव्हा नेमकं काय म्हणतात, ते याच काउंटरमध्ये दिसतं.

शिवाय कमांड प्रॉम्प्टवर क्वेरी यूजर चालवून किती सेशन नुसती लटकलीत ते मोजा.

तळमजला

आकडे घेतले. राइट ३-४ मिलिसेकंद, रीड त्याहून कमी. तिन्ही फेअर शेअर चालू आहेत. उपलब्ध मेमरी सकाळी १९ जीबी, दुपारी चारला ९०० एमबी. पेजेस प्रति सेकंद तेव्हा हजाराच्या वर. क्वेरी यूजरमध्ये २२ ओळी, त्यातल्या ९ अ‍ॅक्टिव्ह, १३ समोर डिस्क असं लिहून येतं.

रात्रपाळी

म्हणजे दोन वेगळी दुखणी आहेत आणि ती एकमेकांत मिसळल्यामुळे गोंधळ झालाय. दिवसभर सेव्ह हळू, हे एक. दुपारनंतर सगळंच जड, हे दुसरं. रिस्टार्टने दुसरं जातं, पहिलं राहतं. तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंच होतंत.

पहिल्यासाठी: डिस्क ३ मिलिसेकंदांत उत्तर देते आणि तरी सेव्हला सहा सेकंद, तर वाटणीवरचा संशय पक्का होतो. तरीही पुरावा घ्या. डिस्कस्पीड हे मायक्रोसॉफ्टचंच फुकट टूल आहे. ते रिमोट सेशनमधून, साध्या यूजरच्या लॉगिनने, डी ड्राइव्हवर चालवा: ८ केबीचे ब्लॉक, रँडम, ३० टक्के राइट, ३० सेकंद, १ जीबीची टेस्ट फाइल. आकडा लिहून ठेवा. मग डिस्कची वाटणी बंद, रिस्टार्ट, पुन्हा तेच. दोन्ही वेळा मशीनवर दुसरं कोणी नको.

कर्नल_पॅनिक

दुसऱ्या दुखण्याचं मी सांगतो.

डिस्क म्हणजे डिस्कनेक्टेड. लोक वरच्या पट्टीवरची फुली दाबून निघून जातात. फुलीने खिडकी बंद होते, सेशन नाही. आतला ब्राउझर, त्याच्या वीस टॅब, एक्सेल, पीडीएफ वाचक, सगळं मेमरीत तसंच बसून राहतं. सेशनला सहाशे ते बाराशे एमबी धरा आणि तेराने गुणा, तुमची रॅम कुठे गेली ते कळेल.

तुमच्याकडे कलेक्शन आहे, म्हणून सर्व्हर मॅनेजरमध्ये कलेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये सेशन हे पान उघडा. 'एंड अ डिस्कनेक्टेड सेशन' २ तास, 'आयडल सेशन लिमिट' १ तास ठेवा. खाली मर्यादा संपल्यावर काय करायचं हा पर्याय आहे. तिथे 'डिस्कनेक्ट' निवडा, 'एंड द सेशन' नको. म्हणजे तासभर हात न लावलेलं सेशन आधी डिस्कनेक्ट होईल आणि त्यानंतर दोन तासांनी संपेल. ग्रुप पॉलिसीत हेच आकडे वेगळे लावलेले असतील तर पॉलिसीचं चालतं, कलेक्शनचं नाही, तेही तपासा.

एक खाच आहे. आयडल म्हणजे कीबोर्ड-माउसची हालचाल नाही, एवढाच त्याचा अर्थ. कोणी मोठा रिपोर्ट लावून चहाला गेलं तर रिपोर्ट धावत असूनही विंडोज त्याला रिकामटेकडा समजतं. डिस्कनेक्ट झालं तरी रिपोर्ट आत चालूच राहतो, पण दोन तासांनी सेशन संपलं की तोही गेला, आणि सेव्ह न केलेलं कामही. महिनाअखेरचे रिपोर्ट चालवणाऱ्या दोघा-तिघांना वेगळं ठेवा: यूजर कॉन्फिगरेशनमधली तीच पॉलिसी त्यांच्या ओयूला (डोमेनमधला यूजरचा कप्पा) जास्त तासांची लावता येते. पण कॉम्प्युटर आणि यूजर दोन्हीकडे लावली तर कॉम्प्युटरची चालते, म्हणून मशीनच्या पॉलिसीत ती जागा मोकळी ठेवा.

इंटर्नल डेटाबेसला लगाम घालायचा असेल तर एसक्यूएल मॅनेजमेंट स्टुडिओ 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून मायक्रोसॉफ्ट##डब्ल्यूआयडी या नावाच्या पाइपला जोडा आणि मॅक्स सर्व्हर मेमरी ५१२ किंवा १०२४ एमबी करा. पण आधी तो किती खातोय ते बघा. तीनशे एमबी खात असेल तर त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

पॅकेट_पाहुणा

याच विषयात माझं जरा वेगळं आहे. सर्व्हर २०१६, सेशन होस्ट, यूजर प्रोफाइल डिस्क (प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळ्या व्हर्च्युअल डिस्कवर) वापरतो. आत गेल्यावर काम छान चालतं, पण लॉगिनला दीड-दोन मिनिटं काळा पडदा, आणि कधी कधी स्टार्ट मेनू उघडतच नाही. रॅम भरपूर मोकळी.

ब्लूस्क्रीन_बाबा

फायरवॉलचे नियम मोजा. प्रत्येक लॉगिनला विंडोज त्या यूजरच्या स्टोअर अ‍ॅपसाठी फायरवॉलचे नवे नियम लिहितं, आणि प्रोफाइल डिस्कच्या पद्धतीत लॉगऑफला ते पुसले जात नाहीत. वर्ष-दीड वर्षात ते हजारोंनी साठतात. लॉगिन करताना ती सगळी यादी चाळली जाते, म्हणून काळा पडदा.

पुढचे साठणे थांबवायला: सर्व्हिसेस\शेअर्डअ‍ॅक्सेस\पॅरामीटर्स\फायरवॉलपॉलिसी या कीमध्ये डिलीटयूजरअ‍ॅपकंटेनर्सऑनलॉगऑफ नावाची डीवर्ड व्हॅल्यू १. सर्व्हर अपडेट केलेला हवा. २०१६ साठी ही सोय २०१८ च्या अपडेटमधून आली, २०१९ साठी एप्रिल २०१९ च्या.

पण त्याने जुना कचरा जात नाही. तो हाताने काढायचा. त्याच फायरवॉलपॉलिसीखाली तीन जागा: फायरवॉलरूल्स, रिस्ट्रिक्टेडसर्व्हिसेस\कॉन्फिगरेबल\सिस्टम, आणि रिस्ट्रिक्टेडसर्व्हिसेस\अ‍ॅपआयएसओ\फायरवॉलरूल्स. तिन्ही कीज आधी एक्सपोर्ट करून ठेवा. यूजरच्या नियमांच्या मजकुरात एलयूओन= आणि पुढे त्या यूजरचा एसआयडी (विंडोजचा ओळख क्रमांक) असतो. तेवढ्याच व्हॅल्यू उडवा. इंटरनेटवर 'फायरवॉल रिसेट करा' असा शॉर्टकट सांगतात. त्याने तुमचे स्वतःचे नियमही जातात आणि मग बॅकअपचा एजंट का बंद पडला ते शोधत बसाल. हे सगळं कोणीच लॉगिन नसताना. हजारो ओळी हाताने होणार नाहीत, पॉवरशेलचा लूप लिहा आणि तो धिम्या गतीने चालेल हे धरून चला.

लॉगवाचक

तळमजला, ३३८९ पोर्ट बाहेरच्या जगाला उघडं आहे का? लायसन्स टाकलं म्हणजे लोकांना घरून जोडायचं असतं, आणि मग राउटरवर पोर्ट फॉरवर्ड होतं. नेमकं त्याच आठवड्यात सर्व्हर जड होतो आणि दोष लायसन्सवर जातो.

इव्हेंट व्ह्यूअरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४६२५ ही नोंद शोधा. मिनिटाला दहा-वीस येत असतील आणि नावं अ‍ॅडमिन, टेस्ट, स्कॅनर अशी असतील तर बाहेरून पासवर्ड आपटणं चालू आहे. एनएलए (सेशन उभं राहण्याआधीच पासवर्ड तपासणं) चालू असताना त्यात लॉगऑन टाइप ३ दिसतो, १० नाही, म्हणून गाळणी लावताना चुकू नका. आयपी पत्ता रिकामा असेल तर आरडीपीकोअरटीएसच्या ऑपरेशनल लॉगमध्ये इव्हेंट १४० बघा, तिथे मिळतो.

एनएलए बंद असेल तर आणखी वाईट: प्रत्येक प्रयत्नाला विनलॉगऑन, लॉगऑनयूआय, सीएसआरएसएस अशा प्रोसेस उभ्या राहतात आणि मरतात. पोर्टचा नंबर बदलून लॉगमधला गोंगाट कमी होतो, संरक्षण होत नाही. व्हीपीएन किंवा ४४३ वरचा आरडी गेटवे.

तळमजला

उघडं होतं. बंद केलं, आता व्हीपीएनवरून. मिनिटाला तीसेक नोंदी येत होत्या.

झिरो_अपटाइम

एवढा खटाटोप कशाला? सगळे रोल काढा, टर्मएसआरव्ही.डीएलएलचा (रिमोट डेस्कटॉप सेवेची फाइल) पॅच मारा. किंवा रोल ठेवून ग्रेस पिरियडची (लायसन्सशिवाय चालण्याची मुदत) रजिस्ट्री की दर चार महिन्यांनी उडवा. लायसन्सिंगची कटकटच नको.

कर्नल_पॅनिक

कॅल विकत घेऊन झाल्यात त्यांच्या. आणि दोन्ही उपाय परवान्याच्या अटींच्या बाहेरचे आहेत. परवाना बाजूला ठेवला तरी पॅच केलेली डीएलएल पुढच्या विंडोज अपडेटला बदलली जाते आणि सकाळी कोणालाच आत जाता येत नाही. शिवाय असले पॅच कुठून उतरवलेत त्यावर त्यांच्याबरोबर काय आलं ते ठरतं. इथे हा सल्ला नको.

लॉगवाचक

लायसन्सिंगचा विषय निघालाच आहे तर एक फरक स्पष्ट करतो. लायसन्स चुकलं तर दार बंद होतं, पाय जड होत नाहीत. १२० दिवसांचा ग्रेस संपला आणि लायसन्स सर्व्हर सापडला नाही, तर जोडणीच नाकारली जाते. २०१९ च्या सेशन होस्टला २०१६ ची कॅल चालत नाही, उलट चालतं. वर्कग्रुपमधल्या (डोमेनला न जोडलेल्या) २०१९ वर पर-यूजर कॅल टाकली तर ६० मिनिटांत सेशन तुटेल असा इशारा येतो आणि खरंच तुटतं. तिथे पर-डिव्हाइस लागते. पर-डिव्हाइसमध्ये पहिल्या लॉगिनला ९० दिवसांची तात्पुरती, पुढच्या लॉगिनला कायमची; ही कायमचीसुद्धा ५२ ते ८९ दिवसांच्या मुदतीने फिरते.

हळूपणाशी लायसन्सिंगचा संबंध येतो तो फक्त लॉगिनच्या क्षणी. पॉलिसीत लायसन्स सर्व्हरचं जुनं किंवा डीएनएसमध्ये न सापडणारं नाव उरलं असेल, किंवा मध्ये फायरवॉलने १३५ आणि वरचे ४९१५२ ते ६५५३५ हे आरपीसी पोर्ट अडवले असतील, तर सेशन होस्ट उत्तराची वाट बघतो. एलएसडायग.एमएससी हे लायसन्सिंग तपासायचं टूल उघडा, दोन मिनिटांत चित्र स्पष्ट होतं.

तळमजला

डिस्कची वाटणी बंद केली. डिस्कस्पीडचा आकडा चौपटीच्या वर गेला, सेव्ह एका सेकंदाच्या आसपास. सेशनच्या मर्यादाही लावल्या. संध्याकाळी ११ जीबी मोकळी राहते. उरलंय ते सकाळचं. सगळे एकदम लॉगिन करतात तेव्हा वीस मिनिटं रखडतं. तेव्हा वर एमएसएमपीइंग.ईएक्सई दिसतं, आणि आमच्या विकतच्या अँटिव्हायरसची प्रोसेसही.

रात्रपाळी

एमएसएमपीइंग म्हणजे विंडोजचाच डिफेंडर. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी. विंडोज १० वर दुसरा अँटिव्हायरस आला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो. विंडोज सर्व्हरवर तसं होत नाही, दोघेही प्रत्येक फाइल तपासत बसतात. एकच ठेवा. विकतचा ठेवायचा तर त्याचं परवान्याचं आणि अपडेटचं आधी बघा, मग अनइन्स्टॉल-विंडोजफीचर विंडोज-डिफेंडर आणि रिस्टार्ट. राहील त्याच्या अपवादांत अकाउंटिंगचं डेटा फोल्डर आणि एलसर्व्हर फोल्डर घाला.

प्रिंटरही बघा. प्रत्येकाच्या घरच्या पीसीवरचे चार-पाच प्रिंटर, फॅक्स आणि पीडीएफ रायटरसकट, लॉगिनला सर्व्हरवर उभे राहतात. २२ लोक म्हणजे शंभर प्रिंटर आणि स्पूलर घामाघूम. 'रिडायरेक्ट ओन्ली द डीफॉल्ट क्लायंट प्रिंटर' ही पॉलिसी लावा. पॉवर प्लॅन बॅलन्स्ड असेल तर हाय परफॉर्मन्स करा.

ब्लूस्क्रीन_बाबा

डिस्कची वाटणी बंद आहे, तर एक गोष्ट सांभाळा: आता एकाने दहा जीबीचं फोल्डर कॉपी केलं तर बाकीच्यांना जाणवणार. बॅकअपची वेळ रात्रीची आहे ना, ते बघून घ्या. डेटा वेगळ्या मशीनवर किंवा निदान वेगळ्या एसएसडीवर नेता आला तर उत्तम.

तळमजला

बॅकअप रात्री दोनला आहे. डिफेंडर आज काढतो. ब्रोकर आणि वेब अ‍ॅक्सेस काढले तर चालेल का?

कर्नल_पॅनिक

वेब अ‍ॅक्सेस कोणी वापरत नसेल तर खुशाल. ब्रोकर काढताना क्रम पाळा, कारण ब्रोकरबरोबर कलेक्शन जातं आणि त्यात ठेवलेलं लायसन्सिंगचं मोड, सर्व्हरचं नाव, सेशनच्या मर्यादा, सगळं जातं. आधी ग्रुप पॉलिसीत रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टखाली लायसन्सिंगमध्ये सर्व्हरचं नाव आणि मोड पर-यूजर लावा. 'सेशन टाइम लिमिट्स'मध्ये तेच दोन तास आणि एक तास. जीपीअपडेट, मग एलएसडायगमध्ये पॉलिसीतून आलेलं नाव दिसतंय का आणि २२ कॅल मोजल्या जातायत का ते बघा. दिसलं की कलेक्शन काढा, मग ब्रोकर, मग रिस्टार्ट. लोकांना लॉगिनचा हक्क कलेक्शनमधून मिळत होता, तोही जाईल. त्यांचा ग्रुप 'रिमोट डेस्कटॉप यूजर्स'मध्ये घालायला विसरू नका.